त्या खांबावरची पुराची रेघ पुन्हा आखा

नदीकाठच्या मुक्कामाच्या तळांना परवाने देणाऱ्या, नदीकाठचे रस्ते राखणाऱ्या आणि धरणांतून पाणी सोडणाऱ्या सर्व अधिकाऱ्यांना खुलं पत्र

महोदय आणि महोदया,

गेली एकोणीस वर्षं आमचं घर दरवर्षी एक नदी धरतं. मैदानात जिथे ती रुंद आणि संथ असते तिथून निघायचं आणि गाडी जाईल तिथपर्यंत तिच्या काठाने वर जात राहायचं. सात-आठ दिवस लागतात. दिवसाला फार अंतर कापायचं नाही, दुपारी तीनच्या आत मुक्कामाला पोचायचं, उजेड आहे तोवर तंबू लावायचे आणि तासा-दीड तासात परतता येईल अशी एखादी पायवाट चालून यायचं, हा आमचा नेम.

ज्यांनी असा प्रवास केलेला नाही त्यांच्यासाठी थोडं सांगते. डोंगरातून बाहेर पडायची सर्वांत कमी चढाची वाट नदीने हजारो वर्षं घासून तयार ठेवलेली असते. रस्ता बांधणारे तिच्या शेजारून जातात. म्हणून असा रस्ता गाडीला दमवत नाही, आणि चालवणाऱ्यालाही नाही. एका बाजूला कडा, दुसऱ्या बाजूला पाणी, आणि प्रत्येक वळणानंतर तीच नदी निराळी. पहिल्या दिवशी ती गाळाने जड असते. मग वाळू दिसू लागते, मग गोटे, मग हाताने उचलणार नाहीत असे दगड, आणि शेवटी घराएवढ्या शिळांमधून उड्या मारणारी बारीक धार. काठावरचे गोटे बघून आपण किती वर आलो ते आमची मुलं सांगतात, आणि बहुतेक वेळा बरोबर सांगतात. संध्याकाळी ऊन उतरलं की डोंगरावरची गार हवा दरीत घरंगळत येते आणि तंबूंवर दव धरतं. त्या गारठ्यात, पाण्याच्या आवाजात जी झोप लागते ती मला दुसरीकडे कुठेही लागलेली नाही.

नदीकाठचे तळ बंद करा असं सांगायला हे पत्र लिहिलेलं नाही, हे आधीच स्पष्ट करते. ते राहावेत, वाढावेत, आमच्या मुलांच्या मुलांनाही मिळावेत, असं वाटतं म्हणून लिहिते आहे.

तीन वर्षांपूर्वी, प्रवासाच्या चौथ्या दिवशी, आम्ही सहाजण दोन गाड्यांनी एका तळावर उतरलो. त्या तळाचं आणि नदीचं नाव इथे देत नाही. संबंधित कार्यालयांना ते माझ्या आधीच्या पत्रांतून माहीत आहे, आणि जे तिथे घडलं ते कुठल्याही नदीवर घडू शकतं. तळ नदीच्या वळणाच्या आतल्या अंगाला, पुळणीवर होता. जागा इतकी सुरेख की पाहताक्षणी सगळे गप्प झाले. स्वयंपाकाच्या ओट्याशेजारी एक लोखंडी खांब होता. त्यावर माझ्या खांद्याच्या उंचीला लाल रंगाची आडवी रेघ मारलेली होती आणि रेघेशेजारी एक साल लिहिलेलं होतं.

माझ्या बहिणीची मुलगी तेव्हा नऊ वर्षांची होती. तिने विचारलं, "मावशी, ही रेघ कसली?" त्या वर्षी पाणी इथवर आलं होतं, असं मी सांगितलं. ती खांबाला पाठ लावून उभी राहिली. रेघ तिच्या डोक्याच्या वर होती. मग तिने विचारलं, "मग इथले लोक कुठे गेले?"

माझ्याकडे उत्तर नव्हतं. तळावरच्या मदतनिसाने मागच्या टेकडीकडे बोट दाखवलं. तंबूंच्या मागून एक पायवाट वर जात होती. वीस मिनिटांचा चढ, वर एक सपाट कातळ, आणि तिथून नदीची दोन वळणं दिसायची. आम्हाला त्या संध्याकाळी खरं तर दुसऱ्याच बाजूला, एका धबधब्याकडे जायचं होतं. पोरीने हट्ट धरला म्हणून या वाटेने गेलो.

रात्री दीडच्या सुमारास मला जाग आली. आवाज बदलला होता. नदीचा रात्रीचा खळखळाट दोन तासांत कानाच्या ओळखीचा होतो. आता त्याच्याखालून गडगड ऐकू येत होती, पाठीखालच्या जमिनीतून जाणवणारी. पाण्याला जोर चढला की नदीच्या पात्रातले दगड गडगडू लागतात, त्याचा तो आवाज. आकाशात चांदण्या होत्या, पावसाचा थेंब नव्हता. विजेरीचा झोत टाकला तर ज्या खडकावर आम्ही संध्याकाळी कपडे वाळत घातले होते तो दिसेना. पाणी गढूळ झालं होतं आणि त्यावरून पाचोळा, काटक्या, मग एक अख्खी फांदी वाहत गेली.

आम्ही ओरडून सगळे तंबू उठवले. तळावर बावीस माणसं होती. एकजण गाडी काढायला धावला आणि त्याच्या बायकोने त्याला दंडाला धरून गाडीच्या दारातून मागे ओढलं. वाट कुठून सुरू होते हे आम्हाला ठाऊक होतं, कारण आठ तासांपूर्वीच आम्ही ती चाललो होतो. कुठे पाय घसरतो, कुठे मूळ आडवं आलंय, कुठे उजवीकडे वळायचं, हे पोरगी पुढे राहून सांगत होती. अर्ध्या वाटेवर असताना खालचे दिवे गेले. कातळावर पोचलो तेव्हा घोट्यापर्यंत भिजलेली सहा-सात माणसं सोडली तर सगळे कोरडे होते.

उजाडल्यावर आमची एक गाडी आसनांपर्यंत गाळाने भरलेली दिसली. दुसरी दीडशे पावलांवर झाडाला टेकली होती. तंबू एकही नव्हता. माणूस मात्र एकही गेला नाही. वर डोंगरात मोठा पाऊस झाला होता आणि वरच्या धरणाचे दरवाजे उघडले होते, हे आम्हाला दुसऱ्या दिवशी कळलं. त्या रात्री तुमच्यापैकी कोणाचाही भोंगा वाजला नव्हता. आमच्या उपयोगी पडली ती खांबावरची रेघ आणि मागची पायवाट.

यंदा आम्ही मुद्दाम त्याच तळावर गेलो. पोरीलाच जायचं होतं. तळ त्याच पुळणीवर पुन्हा उभा आहे आणि तंबू दुप्पट झाले आहेत. खांब काढून टाकला आहे. नव्या मदतनिसाला विचारलं तर तो म्हणाला, "ताई, लोक घाबरतात. रेघ बघितली की राहायला नको म्हणतात." टेकडीच्या वाटेच्या तोंडाशी तारेचं कुंपण घातलं आहे आणि त्यावर 'दुरुस्तीसाठी बंद' अशी पाटी आहे. तारांवर वेल चढून वाळून गेला आहे, म्हणजे दुरुस्ती किती दिवस चालू आहे ते तुम्हीच बघा.

आम्ही तिथे राहिलो नाही. परत आल्यावर तीन कार्यालयांना पत्रं लिहिली. तळाला परवाना देणाऱ्या कार्यालयाने कळवलं की पाण्याची पातळी हा धरणाचा विषय आहे. धरणाकडून उत्तर आलं की पाणी सोडण्याची सूचना नियमाप्रमाणे प्रशासनाला देण्यात येते. प्रशासनाने लिहिलं की तळावरच्या सुरक्षिततेची जबाबदारी तळ चालवणाऱ्याची असते. तिन्ही उत्तरं आपापल्या जागी कदाचित बरोबरही असतील. पण रात्री दीड वाजता तंबूत झोपलेल्या माणसाला उठवायचं कोणी, हे त्यांतल्या एकातही नाही. म्हणून आता सगळ्यांसमोर लिहिते आहे.

माझी पहिली तक्रार जागेबद्दल आहे. नदीशेजारी सपाट, मऊ, उघडी जमीन का असते याचा विचार परवाना देताना होतो असं दिसत नाही. वळणाच्या आतल्या बाजूला प्रवाह मंदावतो आणि बरोबर आणलेली वाळू, गोटे तिथे टाकतो. पुळण अशी तयार होते, आणि दर पुरात पुन्हा तयार होते. तिथे मोठी झाडं नसतात कारण पूर ती टिकू देत नाही. तंबूला सर्वांत सोयीची वाटणारी जागा म्हणजे बहुतेक वेळा नदीचंच पात्र असतं, काही महिने रिकामं असलेलं. दुसरी फसवी जागा म्हणजे डोंगरातला ओढा जिथे मुख्य दरीत उतरतो तिथला पंख्यासारखा पसरलेला उतार. ती जमीनही ओढ्यानेच आणून टाकलेली असते, आणि मोठा लोंढा आला की तो त्या पंख्यावर कुठूनही वाट काढू शकतो.

स्पेनमध्ये पिरेनीज पर्वतात बिएस्कास गावाजवळचा तळ अशाच पंख्यावर होता. वरच्या ओढ्याला बांध घालून, कालवा करून बंदोबस्त केलेला होता. ७ ऑगस्ट १९९६च्या संध्याकाळी ढगफुटीसारखा पाऊस झाला, वरचे बांध फुटले आणि लोंढा कालवा सोडून थेट तळावर आला. ८७ माणसं गेली. त्याआधी नऊ वर्षं, १४ जुलै १९८७ रोजी, फ्रान्सच्या आल्प्समध्ये ल ग्राँ-बोर्नां इथे नदीकाठच्या तळावर २३ जण असेच गेले होते. दोन्ही ठिकाणी ऐन सुट्टीचा हंगाम होता आणि तळ भरलेले होते.

या जागेला 'शंभर वर्षांतून एकदा येणाऱ्या पुराचा' धोका आहे, असं एका कार्यालयाने मला समजावण्याच्या सुरात लिहिलं. मी गणिताची शिक्षिका आहे, त्यामुळे हे वाक्य मला सोडवत नाही. शंभर वर्षांतून एकदा याचा अर्थ दरवर्षी शंभरात एक शक्यता. मागच्या वर्षी पूर आला म्हणून पुढची नव्याण्णव वर्षं सुटका झाली असं होत नाही. एखादा तळ तीस वर्षं चालला तर त्या काळात असा पूर निदान एकदा येण्याची शक्यता शंभरात २६ एवढी होते, जवळजवळ चारात एक. चारात एक या हिशेबावर तुम्ही स्वतःची मुलं तिथे झोपवाल का, एवढंच मला विचारायचं आहे.

दुसरी तक्रार इशाऱ्याबद्दल, आणि ती माझ्या मते सर्वांत गंभीर आहे. इशारा निघणं आणि इशारा पोचणं या दोन गोष्टींमध्ये माणसं मरतात. अमेरिकेत आर्कान्सा राज्यातल्या एका राष्ट्रीय वनात लिटल मिझुरी नदीच्या काठी अल्बर्ट पाइक नावाचा तळ होता. ११ जून २०१०च्या पहाटे, लोक झोपेत असताना, नदी काही तासांत सुमारे ४ फुटांवरून २३ फुटांच्या वर चढली. हवामान विभागाने मध्यरात्रीनंतर इशारा दिलेला होता. दरीत मोबाइलला रेंज नव्हती आणि तळावर इशारा सांगायला कोणी नव्हतं. २० जण गेले, त्यांत लहान मुलं होती. आपण जिथे मुक्कामाला जातो त्यांतल्या किती ठिकाणी रेंज असते? रेंज नसणं हेच तर जाहिरातीत लिहिलेलं असतं. मग मोबाइलवर संदेश पाठवला की कर्तव्य संपलं असं कसं मानता येईल?

धरणाच्या पाण्याचं आणखी वेगळं आहे. पावसाचा पूर येताना निदान ढग दिसतात. धरणातून सोडलेलं पाणी निरभ्र आकाशाखाली येतं. वीज लागते तेव्हा जलविद्युत केंद्रं पाणी सोडतात, नको असेल तेव्हा अडवतात, त्यामुळे खालची नदी एका दिवसात दोनदा वेगळी होऊ शकते. सकाळी जिथे पाय बुडवून बसता येतं तिथे दुपारी छातीभर पाणी असतं. ८ जून २०१४ रोजी हिमाचल प्रदेशात मंडीजवळ बियास नदीच्या पात्रात सहलीला आलेले हैदराबादचे विद्यार्थी खडकांवर उभे होते. लारजी धरणातून पाणी सोडलं गेलं आणि २४ विद्यार्थी वाहून गेले. पाणी वाढत असताना खडकावर एकमेकांना धरून उभी असलेली मुलं लाखो लोकांनी पडद्यावर पाहिली. मी शिकवते ती मुलं त्याच वयाच्या आगेमागे आहेत. ते चित्र माझ्या डोळ्यांसमोरून हलत नाही. नदीत का उतरले, असं तेव्हा अनेकजण म्हणाले. त्यांना उत्तर एकच आहे: उतरण्याआधी त्यांना कोणी सांगितलं होतं का, की ही नदी दहा मिनिटांत बदलते?

तिसरी तक्रार रस्त्याची. नदीकाठच्या दरीत रस्ता बहुधा एकच असतो, आणि पूर आला की पहिल्यांदा तोच जातो. तरी आजही बहुतेक तळांवरच्या सूचनेत 'आपत्तीच्या वेळी मुख्य रस्त्याने बाहेर पडावे' असं लिहिलेलं असतं. ३१ जुलै १९७६च्या संध्याकाळी कोलोरॅडोतल्या बिग थॉम्पसन नदीच्या अरुंद दरीत सुमारे चार तासांत जवळजवळ ३०० मिलिमीटर पाऊस पडला. दुसऱ्या दिवशी त्या राज्याचा शंभरावा वाढदिवस होता, दरी पाहुण्यांनी आणि तंबूंनी भरलेली होती. १४४ माणसं गेली. लोकांना सावध करायला दरीत शिरलेले दोन पोलीस अधिकारीही त्यांत होते. बरेच लोक गाडीतून खाली पळू पाहत होते आणि पाण्याने त्यांना गाठलं. जे गाडी तिथेच टाकून बाजूच्या उतारावर चढले ते वाचले. त्यानंतर त्या राज्याने दरीतल्या रस्त्यांवर पाट्या लावल्या: पूर आला तर वर चढा. चित्रात एक माणूस उतार चढताना दाखवला आहे. पाटी म्हणजे एक पत्रा आणि एक खांब. तेवढंही आपल्या अनेक दऱ्यांत नाही.

याच्याशीच जोडलेली गोष्ट फरशी पुलांची. वाहतं पाणी सहा इंच असलं तरी धडधाकट माणसाचे पाय उचलतं. एक फूट पाणी बहुतेक लहान गाड्या तरंगवतं. दोन फूट पाणी मोठ्या, उंच गाड्याही वाहून नेतं. हे आकडे कुठल्याही हवामान विभागाच्या माहितीपत्रकात सापडतील, पण ज्या पुलावर त्यांची गरज आहे तिथे ते नसतात. फरशीच्या दोन्ही टोकांना फुटांच्या खुणा केलेला खांब असला तर रात्री, पावसात, मागे मुलं झोपलेली असताना गाडी घालायची की नाही हे चालवणाऱ्याला अंदाजाने ठरवावं लागणार नाही.

चौथी तक्रार पायवाटांची. छोट्या वाटा ही तुमच्या लेखी करमणुकीची गोष्ट आहे. निधी कमी पडला की पहिली कात्री त्यांना लागते. माझा अनुभव वेगळा आहे, तो वर लिहिला. तळावरून उंच जागी जाणारी वाट सुटकेची वाट असते आणि ती रोज चालली गेली तरच रात्री सापडते. टेकडीच्या वाटेला कुंपण घालणं म्हणजे इमारतीच्या जिन्याला कुलूप लावणं आहे.

लहान तक्रारी आणखी आहेत: पाण्याला लागून बांधलेली शौचालयं, थेट धारेत भांडी घासायला केलेले ओटे, जाळायला तोडलेली काठावरची झुडपं. पाण्यापासून निदान ६० मीटर लांब, हा जगभर मानला जाणारा साधा नियम आहे. तो पाळला तर यातले बरेच प्रश्न सुटतील. त्यावर वेगळं लिहीन.

आमच्या बाजूनेही चुका होतात, त्या नाकारत नाही. पाण्याला चिकटून तंबू हवा म्हणून आम्हीच भांडतो. मोबाइलवर चित्र काढायला घसरड्या खडकावर आम्हीच चढतो. आणि रात्री उशिरापर्यंत मोठ्याने गाणी लावणारेही आमच्यातलेच. शेवटची गोष्ट मला सर्वांत जास्त खटकते. त्या रात्री शेजारच्या तंबूत गाणी चालू असती तर दगडांची गडगड मला ऐकू आली नसती. तळावर रात्री शांतता हवी ती शिस्त म्हणून असेलच, पण नदी ऐकू यावी म्हणून आधी हवी. तसा नियम करा, आम्ही पाळू, आणि न पाळणाऱ्याला आम्हीच सांगू.

आता 'लोक घाबरतात' याबद्दल. जर्मनीत मोझेल नदीच्या काठाने जाणारा रस्ता पर्यटकांनी वाहत असतो. तिथल्या गावांत घरांच्या भिंतींवर पुराच्या खुणा कोरलेल्या आहेत, प्रत्येकीपुढे साल. डॅन्यूब, इन आणि इल्झ या तीन नद्यांच्या संगमावरच्या पासाउ शहरात नगरभवनाच्या भिंतीवर शतकानुशतकांच्या खुणा एकाखाली एक आहेत. जून २०१३मध्ये तिथे पाणी १२.८९ मीटरपर्यंत चढलं, पाचशे वर्षांतलं सर्वांत जास्त. त्या शहराने रेघ पुसली नाही, नवी रेघ काढली. लोक तिथे घाबरून जायचे थांबले नाहीत. उलट त्या भिंतीसमोर उभं राहून वर बघतात, आपल्या उंचीशी ताडून बघतात, जसं आमच्या पोरीने केलं. रेघ पाहून एखादं कुटुंब तळ सोडून गेलं तर त्यांना ती माहिती हवीच होती. जे राहिले ते मागची टेकडी कुठे आहे हे बघून झोपतील. रेघ पुसल्याने पाणी कमी चढत नाही, आणि ती पाहून परत गेलेल्या कुटुंबापेक्षा न पाहता झोपलेल्या कुटुंबाची मला जास्त काळजी वाटते.

माझ्या मागण्या अशा आहेत.

पूर जिथवर चढल्याची नोंद आहे त्या पातळीच्या खाली रात्रीच्या मुक्कामाला परवाना देऊ नका. दिवसा बसायला, पोहायला, मासे धरायला ती जागा खुली राहू दे. झोपायचे तंबू वरच्या पायरीवर न्या. चाळीस पावलं जास्त चालावी लागली तर कोणाची तक्रार असणार नाही, आणि असली तरी ती ऐकू नका.

प्रत्येक तळावर, जिथे सर्वांची नजर जाईल तिथे, आजवरच्या पुरांच्या पातळीचा खांब असावा, सालांसह. तो काढणं हा परवाना रद्द होण्याइतका गंभीर गुन्हा धरावा.

प्रत्येक तळावरून उंच जागी जाणारी निदान एक वाट कायम मोकळी, खुणा केलेली आणि अंधारात दिसेल अशी असावी. मुक्कामाला आलेल्या प्रत्येक गटाला पोचल्याबरोबर ती दाखवावी. नावनोंदणीच्या वहीत सही घेता तेव्हाच पाच मिनिटं काढून दाखवा.

धरणाखालच्या पट्ट्यात पाणी सोडण्याआधी भोंगा वाजला पाहिजे, आणि तो शेवटच्या तळापर्यंत ऐकू गेला पाहिजे. पाणी धरणापासून प्रत्येक तळापर्यंत पोचायला किती वेळ लागतो हे तुमच्या अभियंत्यांना माहीत असतं. तो वेळ तळावरच्या फलकावर लिहा: भोंगा वाजल्यापासून तुमच्याकडे इतकी मिनिटं आहेत. रोजच्या विसर्गाचं वेळापत्रक आदल्या संध्याकाळी तळावर लावा.

रात्री तळावर एक जागता माणूस असावा. त्याच्याकडे मोबाइलच्या रेंजवर अवलंबून नसलेलं संपर्काचं साधन असावं, आणि कोणाचीही परवानगी न विचारता तळ रिकामा करायचा अधिकार असावा. पहाटे तीन वाजता वरिष्ठांना फोन लागण्याची वाट बघायला लागू नये.

दरीतल्या रस्त्यांवर 'वर चढा' अशा पाट्या आणि फरशी पुलांवर फुटांच्या खुणा लावा.

आणि या सगळ्याला एका कार्यालयाचं नाव द्या. हे अशक्य नाही. ल ग्राँ-बोर्नांनंतर फ्रान्सने १९९४मध्ये नियम केला की धोक्याच्या क्षेत्रातल्या प्रत्येक तळासाठी तिथे राहणाऱ्यांना माहिती कशी द्यायची, इशारा कसा द्यायचा आणि जागा कशी रिकामी करायची, हे तिन्ही लेखी ठरलेलं असलं पाहिजे. माहिती, इशारा, सुटका. या तीन शब्दांखाली कोणाची सही आहे, एवढं आम्हाला कळू द्या. तीन कार्यालयांची तीन उत्तरं पुन्हा नकोत.

पुढच्या हंगामाआधी मला उत्तर मिळावं अशी अपेक्षा आहे. बहिणीची मुलगी आता बारा वर्षांची आहे आणि पुढच्या हंगामाची नदी तिने निवडली आहे. तिच्या वाटेवर चार मुक्काम आहेत. चारही ठिकाणी पोचल्यावर आम्ही आधी खांब आणि वाट शोधणार आहोत आणि जे दिसेल ते तुम्हाला तारीख घालून कळवणार आहोत.

त्या तळावरचा खांब परत लावताना उपयोग होईल म्हणून माझ्या वहीतली नोंद देते. त्या पहाटे पाणी ओसरल्यावर ओट्याच्या मागच्या आंब्याच्या बुंध्यावर गाळाची रेषा राहिली होती. ती मी पट्टीने मोजली: जमिनीपासून १ मीटर ६२ सेंटिमीटर. जुन्या लाल रेघेपेक्षा एक वीत वर. झाड यंदाही तिथेच आहे आणि रेषा अजून पुसट दिसते.

आपली,
त्या रात्री टेकडीवर चढलेल्या बावीस जणांपैकी एक